एक पूर्णांक तीन

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

प्रयोगशाळेची वही वेगळी. तिच्यात वेळ, मात्रा, आकडे आणि सही, बस्स. गेल्या आठवड्यात मी तिच्यात "मला हे पटत नाही" असं लिहिलं, तर रेनाटाने ते लाल पेनाने खोडलं. म्हणाली, "मार्लिस, मनातलं घरी लिही गं. ही वही तपासणीला जाते." म्हणून ही दुसरी वही. बघू किती दिवस टिकते. मागे विणकामही मी असंच मोठ्या हौसेने काढलं होतं.

रेनाटा विल्क म्हणजे नव्या स्कॅनरबरोबर आलेली आमची भौतिकशास्त्रज्ञ. डेट्रॉइटकडची. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि दुप्पट बोलणारी. मी या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं हृदयाची चित्रं काढते आहे. शिरेतून किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडायचं, ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं. रक्त पोचतं तिथे उजेड, नाही पोचत तिथे काळोख. पण चित्रात एक खोट आहे. ते त्याच हृदयाच्या सगळ्यात उजळ भागाशी बाकीच्यांची तुलना करतं. सगळा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच, तसं. ज्याच्या तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच बुजल्यात त्याचं चित्र कसं, एकदम गोंडस! असे किती जण मी "छान आहे हो" म्हणून घरी पाठवले असतील, देव जाणे.

नवं यंत्र चित्राबरोबर आकडा देतं. स्नायूला मिनिटाला किती रक्त मिळतं, आधी आराम करताना आणि मग रक्तवाहिन्या सैलावणारं औषध दिल्यावर. धडधाकट माणसाचा दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट येतो. दुपटीच्या खाली आला तर काळजी. दीडपटीच्या खाली म्हणजे धावाधाव. ही जी 'किती पट', तोच आमचा आकडा.

आमची चित्रं वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर हॅलोरनना आकड्यांचं काही कौतुक नाही. "मार्लिसबाई, आकडे हवामानखातंही देतं. म्हणून मी छत्री घेऊन फिरतो का?" एप्रिलअखेर समिती ठरवणार, रिपोर्टात आकडा छापायचा की नुसतं चित्र. तोवर आम्हाला दाखवून द्यायचंय की आकडा खरा असतो. त्यासाठी आधी काही निरोगी माणसं मोजायची. आमच्या धंद्यात रिवाज असा, की नव्या यंत्राखाली पहिल्यांदा तंत्रज्ञाने स्वतः झोपायचं. स्वयंसेवक क्रमांक एक मीच.

६ फेब्रुवारी, बुधवार

उद्या माझा स्कॅन. चोवीस तास कॉफी बंद, कारण कॉफी पोटात असली की ते औषध लागतच नाही. आमच्या फिनलंडी घरात कॉफी बंद म्हणजे सुतकच. ड्वेन समोर बसून मुद्दाम फुर्र फुर्र करत प्यायला. "वास तर घे. वासाने काही होत नाही." नवरा आहे की वैरी!

सकाळी बर्फ ढकलला. नऊ इंच तरी होता. फाटकापर्यंत जाईतो दोनदा थांबले. खालची डावी दाढ ठणकत होती, थंडी लागली की ठणकते. चव्वेचाळीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढलेला माझा नवरा खिडकीतून म्हणाला, "अगं, मी काढतो ना." मी म्हटलं, तुझी कंबर सांभाळ.

७ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्म भरला. छातीत दुखतं का, नाही. चढताना धाप लागते का, नाही. हात, पाठ, जबडा, नाही नाही नाही. हाच फॉर्म मी रोज दहा जणांना वाचून दाखवते, त्यामुळे न वाचताच भरला.

चित्र देखणं आलं. गोल, भरलेलं, कुठे डाग नाही. मी खूश. मग संगणकाने आकडा दिला.

एक पूर्णांक तीन. पुढे, मागे, कडेला, सगळीकडे एक पूर्णांक तीन.

रेनाटा हसायलाच लागली. "कॉफी प्यायलीस!"

"नाही प्यायले."

"घोटभर?"

"आईशप्पथ, वाससुद्धा नीट घेतला नाही."

"चॉकलेट?"

"अगं, मी काय लहान पोर आहे?"

तिचा विश्वास बसला नाही. माझाही आता थोडा बसेनासा झालाय. चर्चमध्ये मंगळवारी कुणीतरी दिलेला केक कॉफीचा होता का? पण तो मंगळवारी. काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा केला. या वेळी दोन दिवस कॉफी नाही, केक नाही, औषधाची गोळी नाही, काही नाही. डोकं असं दुखत होतं की ड्वेन शेजाऱ्याकडे जाऊन बसला.

एक पूर्णांक तीन.

रेनाटा या वेळी हसली नाही. दोन्ही दिवसांचे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. मग म्हणाली, "मार्लिस, तुला हल्ली बरं वाटतं ना?" मी म्हटलं, मला बरं न वाटायला काय झालंय? तुझ्या यंत्राला विचार. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. बिचारी रडतच निघाली. दारातून सांगून गेली, "काही बदलू नकोस हं. माणसं मोजत राहा, आकडे जसे येतील तसे ठेव. मी आल्यावर बघू. आणि तू एकदा डॉक्टरांना..." पुढचं लिफ्टने खाल्लं.

डॉक्टरांना काय सांगायचं? यंत्र बिघडलंय म्हणून? ते तर वाटच बघतायत.

१६ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारचं वाफेचं स्नान, आमची सौना. पाच मिनिटांत बाहेर आले. इतकं घुसमटल्यासारखं आजवर कधी झालं नव्हतं. ड्वेनने दगडांवर जास्त पाणी ओतलं, दुसरं काय! त्याला बरंच बोलले. तो म्हणतो नेहमीएवढंच ओतलं. वर जेवणात खारवलेला हेरिंग खाल्ला, तो रात्रभर छातीशी बसला होता. वयाबरोबर मासेही पचेनासे झालेत.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्याने ठोकून बघितलं, फोटो काढला. "मार्लिस, तुझ्या दाढा माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. कधी दुखतं?" म्हटलं, बर्फ ढकलताना. तो म्हणाला, "मग बर्फ ढकलू नकोस." सगळे विनोदीच भेटतात मला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

स्वयंसेवक क्रमांक दोन, ब्रिटा. शाळेत स्की शिकवते. तिचा आकडा तीन पूर्णांक एक. पुस्तकात असतो तसा.

आता मात्र डोकं चालेना. ब्रिटाचा बरोबर येतो म्हणजे यंत्र बरोबर. यंत्र बरोबर तर माझा असा का? सगळीकडे सारखाच कमी, हे तर आणखी विचित्र. खरा आजार असता तर कुठे कमी, कुठे जास्त असता ना? म्हणजे चूक मोजण्यातच असणार. पण मग ब्रिटा? कशाचा कशाला मेळ नाही. घरी येताना रस्ता चुकले, सव्वीस वर्षांचा रस्ता!

२६ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! सापडलं असं वाटतंय.

स्नायूने किती रक्त घेतलं हे काढायचं तर आधी हृदयात रक्त किती आलं ते लागतं. त्यासाठी संगणक हृदयाच्या पोकळीत एक छोटा चौकोन ठेवतो आणि त्यातली चमक मोजतो. औषध दिल्यावर माणूस मोठमोठे श्वास घेतो, हृदय वरखाली सरकतं. ब्रिटासारख्या सडपातळ पोरीचं कमी, माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईचं जास्त. तर मग चौकोनही सरकवायला हवा की नको? मी औषधानंतरच्या चित्रात तो हाताने दोन घरं वर घेतला, झडपेकडे. झाला माझा आकडा दोन पूर्णांक दोन! इतकं हलकं वाटलं की खुर्चीतच बसून राहिले.

ब्रिटाचा त्याच पद्धतीने चार पूर्णांक सात आला. जरा जास्तच वाटतो, पण पोरगी दिवसभर डोंगरावर असते, असेलही.

प्रयोगशाळेच्या वहीत पद्धत म्हणून नीट लिहून ठेवलं. रेनाटाला अजून सांगितलं नाही. तिची आई हॉस्पिटलात, तिला कशाला आणखी ताप? शिवाय असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत.

५ मार्च, मंगळवार

डॉक्टर हॅलोरनना नवी पद्धत समजावली. ते म्हणाले, "म्हणजे आधी चुकत होतं आणि आता बरोबर आहे?" म्हटलं, हो. "कशावरून?" म्हटलं, आता निरोगी माणसाचा आकडा निरोगी येतो. त्यांनी मान डोलावली. बोलून दाखवल्यावर मलाच ते वाक्य जरा गोलगोल वाटलं. पण त्यात चूक काय ते सापडेना.

१२ मार्च, मंगळवार

आज वॉलीकाका आले. वॉली लुओमा. वडिलांबरोबर लोखंडाच्या खाणीत होते, मला परकरात बघितलेलं. ते त्र्याहत्तर वर्षांचे, आणि बायको गेल्यापासून घरी कमी आणि गोठलेल्या तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरत, जास्त असतात.

"काय होतंय काका?"

"काही नाही गं पोरी. भोक पाडताना इथे दाबल्यासारखं होतं." त्यांनी गळ्यापासून जबड्यापर्यंत हात फिरवला. "थोडा बसलो की जातं. मुलगी ऐकेना म्हणून आलो. बर्फात भोकं पाडायला त्र्याहत्तराव्या वर्षी कोणी सांगितलंय म्हणते. मासे काय दारात येणार आहेत?"

चित्र देखणं, गोल, भरलेलं. संगणकाच्या चौकोनाने आकडा दिला एक पूर्णांक तीन. माझ्या चौकोनाने दोन पूर्णांक एक.

मी बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले. मग पद्धतीप्रमाणे दुसरा लिहिला. पद्धत आहे म्हटल्यावर माणसागणिक बदलून कसं चालेल?

हॅलोरन म्हणाले, "चित्रही छान आणि आकडाही दुपटीच्या वर. बघा, या खेपेला तुमचं यंत्र माझ्याशी सहमत आहे." काकांना पित्ताच्या गोळ्या दिल्या. काकांनी विचारलं, "एकतीस तारखेच्या आत माझं खोपटं तळ्यावरून काढायचंय. दरवर्षी मीच ओढतो. ओढू ना?" कायदाच आहे तसा, मासेमारीची खोपटी मार्चअखेर बर्फावरून हलवावी लागतात. डॉक्टर म्हणाले, "खुशाल ओढा."

काकांनी मला गालावर चापटी मारली. "तुझे हात लागले की माणूस बराच होतो बघ." मला केवढा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. का ते कळलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

काकांचे दोन आकडे डोक्यातून जात नाहीत. भांडी घासताना एक पूर्णांक तीन, चर्चमध्ये एक पूर्णांक तीन. माझाही तोच आणि काकांचाही तोच! म्हणजे चौकोनाची चूक दोघांच्यात सारखीच, हा पुरावाच झाला की. मग मला बरं का वाटत नाही?

ड्वेनला विचारलं. तो म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय? पण एक सांगतो, तू हल्ली जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतेस."

"मी विचार करत असते."

"जिन्यात?"

"मग काय झालं?"

"दोन महिन्यांपूर्वी वर जाऊन करायचीस."

२२ मार्च, शुक्रवार

रेनाटाचा फोन. आई चालायला लागली, पुढच्या शुक्रवारी येतेय. "काही बदललं नाहीस ना?" मी म्हटलं, तू ये तर खरी. तिने लगेच ओळखलं, कारण गप्प झाली. ती गप्प झाली की मला धडकी भरते.

३० मार्च, शनिवार

आता सगळं क्रमाने लिहिते, कारण डोक्यात एकात एक गुंतलंय. ही वही ड्वेनने आज इथे आणून दिली.

काल सकाळी रेनाटा आली. कोटही न काढता वही उघडली, माझं पान वाचलं आणि म्हणाली, "चौकोन कोणी सरकवला?"

"मी."

"का?"

"आकडा चुकत होता म्हणून."

"कुणाचा?"

"माझा."

ती शांतपणे खाली बसली. असं वागण्यापेक्षा तिने ओरडायला हवं होतं. "मार्लिस, ऐक. चौकोन झडपेकडे सरकवलास की त्याची कड रक्ताच्या बाहेर जाते. मग रक्त आलं त्यापेक्षा कमी मोजलं जातं आणि स्नायूने जास्त ओढल्यासारखं दिसतं. या पद्धतीने सगळ्यांचाच आकडा फुगतो. म्हणून तर तुझ्या ब्रिटाचा पावणेपाच आला. माणसाचा इतका येतो कधी?"

मी म्हटलं, मग तू कॉफीचं म्हणत होतीस त्याचं काय? तिने माझं चित्र खाली सरकवलं, पोटापर्यंत. "ही प्लीहा. औषध लागलं की ती मंद होते. कॉफी प्यायलेल्या माणसाची होत नाही. तुझी दोन्ही वेळा मंद झाली. तू खरं बोलत होतीस. मी तेव्हाच हे बघायला हवं होतं. हसत बसले. चुकलंच माझं."

मग तिने चौकोन जागेवर ठेवून सगळ्यांचे आकडे पुन्हा काढले. पाच स्वयंसेवक आणि वॉलीकाका. चौघांचे पुस्तकातल्यासारखे आले. दोघांचे एक पूर्णांक तीन.

"यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर आहे," ती म्हणाली. "वॉलींचा आकडा खरा आहे. सगळीकडे सारखाच कमी, म्हणूनच चित्र गोंडस दिसतं. हे यंत्र आपण याच माणसांसाठी घेतलं ना? आणि मार्लिस, क्रमांक एक..."

"ते राहू दे!" मी ओरडले. "आज एकोणतीस तारीख आहे. ते खोपटं ओढत असतील!"

काकांच्या घरचा फोन वाजत राहिला. मोबाइल ते ड्रॉवरमध्ये ठेवतात. मुलगी म्हणाली, बाबा पहाटेच तळ्यावर गेले. हॅलोरनना सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले. छत्रीबित्री काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "घेऊन या त्यांना. मी खोली तयार ठेवतो." आणि शेरीफला फोन लावायला घेतला. पण शेरीफला कुठलं खोपटं कुणाचं हे काय ठाऊक? मला ती जागा ठाऊक होती, वडील तिथेच बसायचे. मी आणि रेनाटा माझ्या गाडीने निघालो. वाटेत दोनदा तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. दोनदा मी रेडिओ मोठा केला.

तळ्याच्या काठावर गाडी थांबवली. रेनाटाच्या पायात शहरातले बूट, दोन पावलांत आपटली. तिला म्हटलं, तू इथेच थांब, फोन हातात ठेव. आणि मी चालत निघाले. काका दिसत होते, पाव मैलावर, दोरी खांद्यावर घेऊन वाकलेले. मी हाका मारल्या. वारा उलटा. मग पळायला लागले.

पळाले म्हणजे काय, शंभरेक पावलं. दाढ ठणकायला लागली. मग दाढ नाही, अख्खा जबडा. मग गळा आवळल्यासारखा झाला आणि हवा आत जाईना. मनात म्हणते कशी, गार वारा तोंडात जातोय, तोंड मिटून पळ! तशी मिटून पळाले. काकांपर्यंत पोचले तेव्हा बोलता येईना. नुसती दोरी धरली आणि त्यांच्या हातातून खेचून घेतली.

"अगं, काय झालं? कोण मेलं?"

मी मान हलवली. त्यांनी मला पालथ्या बादलीवर बसवलं. स्वतः दुसऱ्या बादलीवर बसले. तेही धापा टाकत होते. त्यांचा एक हात गळ्याशी होता. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि मी बघितलं की माझाही हात तिथेच आहे.

"तुला इथे होतंय?" त्यांनी जबड्याला हात लावून विचारलं.

"दाढ आहे," मी म्हटलं.

"थोडं बसलं की जाते ना ती दाढ?"

मी दोरी हाताला गुंडाळत राहिले.

"पोरी, मी दहा वर्षं दाताच्या डॉक्टरकडे गेलो नाही. मला एकही दाढ नाही. तरी दुखतं." त्यांनी कवळी बाहेर काढून दाखवली.

तेव्हा मला कळलं. सव्वीस वर्षं दिवसातून दहादा जबड्याचा प्रश्न विचारणाऱ्या बाईला ते बर्फावर बादलीवर बसून कळलं, तेही कवळी बघून. यंत्र दोनदा सांगत होतं. रेनाटा सांगत होती, ड्वेन सांगत होता, अगदी दाताचा डॉक्टरसुद्धा सांगत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणच खणून पुन्हा सारवलं.

आजूबाजूच्या खोपट्यांतली माणसं बर्फावरच्या गाड्या घेऊन आली. रेनाटाने काठावर किंचाळून किंचाळून गोळा केली होती. त्यांनी आम्हाला दोघांना दोन गाड्यांवर घालून काठावर आणलं. तिथे रुग्णवाहिका उभी होती. काका वाटेत ओरडून विचारत होते, "माझं खोपटं कोण काढणार?"

१ एप्रिल, सोमवार

मनगटातून नळी घालून दोघांच्याही रक्तवाहिन्या बघितल्या. काकांच्या तिन्ही बुजलेल्या. माझ्याही तिन्ही. हॅलोरन माझ्या पलंगाशी आले. चष्मा पुसत राहिले. "तुमचं चित्र मीच वाचलं होतं. उत्तम, असा शेरा मारला होता. आणि त्या पद्धतीला मान मीच डोलावली होती." मी म्हटलं, चित्र उत्तमच होतं डॉक्टर. ते म्हणाले, "समितीची बैठक होईल तेव्हा होईल. आकडा आजपासून छापायचा. मी सांगितलंय."

एवढ्यासाठी दोन महिने धडपडले, आणि आता ऐकून काही वाटलं नाही. ड्वेन खिडकीशी उभा राहून बाहेरचे बर्फाचे ढीग किती वाईट लावलेत त्याबद्दल बोलत होता. मध्येच थांबला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सदतीस वर्षांत मी हे एकदाच पाहिलंय, त्याची आई गेली तेव्हा.

२ एप्रिल, मंगळवार

उद्या काकांची बायपास, परवा माझी. आज दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. नर्सने दहा मिनिटं दिली. काका टीव्हीवर हॉकी बघत होते. बंद करायला सांगितला.

"काका, एक सांगायचंय. तुमचा आकडा पहिल्यांदा बरोबरच आला होता. धोक्याचा होता. मी तो बदलला. एक चौकोन असतो, तो मी सरकवला आणि चुकीचा आकडा लिहिला. म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. तुम्ही त्या खोपट्यापाशी मेला असता तर माझ्यामुळे मेला असता."

त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील चालती हो. म्हणाले असते तर मी गेले असते.

"का सरकवलास?"

"माझा स्वतःचा आकडा वाईट येत होता. तो बरोबर यावा म्हणून."

"घाबरली होतीस."

"नाही काका, घाबरले नव्हते. मला खरंच वाटलं यंत्र चुकतंय. घाबरण्यासारखं काही माझ्या डोक्यातच नव्हतं."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. मग हात पुढे करून त्यांनी माझा हात घेतला, नळीसकट, आणि नर्स येईपर्यंत सोडला नाही.

३ एप्रिल, बुधवार

काका पावणेदोनला बाहेर आले. शल्यवैद्य म्हणाले ठीक झालं, चार जोड घातले, अजून शुद्धीवर यायचेत. त्यांची मुलगी मला मिठी मारायला आली. तिला काकांनी काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं. तिने हात काढून घेतला आणि बाहेर गेली. बरोबरच आहे तिचं.

रेनाटा पेन घेऊन आली होती. प्रयोगशाळेच्या वहीत माझ्या पानावर काट मारायची, पण सही माझी लागते. तिने ओळी वाचून दाखवल्या. "सरकवलेल्या चौकोनाची पद्धत रद्द. कारण?" इथे काय लिहू म्हणून ती थांबली. "तांत्रिक चूक लिहू?"

मी म्हटलं नको, आण इकडे. आणि मीच लिहिलं, की तंत्रज्ञ स्वतः आजारी होती आणि तिला ते मान्य करायचं नव्हतं. रेनाटाने वाचलं. लाल पेन काढलं नाही.

उद्या सकाळी साडेसहाला मला नेणार. संध्याकाळी ड्वेनला सांगितलं, मला भीती वाटते आहे. नुसती नाही, फार वाटते. तो म्हणाला, "मलाही," आणि बूट काढून या एवढ्याशा पलंगावर माझ्या शेजारी आडवा झाला. नर्स बघून गेली. जाताना दार लोटून घेतलं.